नवी साधी की जुनी अव्वल? शर्यतीच्या सायकलीचा हिशेब

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. पण महिन्याच्या पगारावर किंवा रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात हौसेचेही मोल आधी पाहावे लागते. आपल्या तरुण मुलामुलींमध्ये सध्या शर्यतीच्या सायकलीची आवड वाढत आहे. त्यानिमित्ताने हा हिशेब वाचक बंधुभगिनींपुढे मांडत आहे.

आपल्या घरांत सायकल आली ती कामासाठी. कारखान्याची पाळी, शाळा, आठवड्याचा बाजार यांसाठी. वीस किलोची ती काळी सायकल अर्धे आयुष्य सोबत करी. आता मुले जी मागतात ती वेगळी आहे. खाली वळलेले हँडल, बारीक टायर आणि आठ-दहा किलो वजन. या आवडीमागे कारणही आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ साली एकट्याने पूर्ण केली. आपल्या एरंडोलच्या मुलाला पहाटे जळगावपर्यंत जाऊन परत यावेसे वाटले, तर त्यात वावगे काय?

अडचण आहे ती पैशाची. चांगल्या दर्जाची नवी रोड सायकल घ्यायची तर किंमत सहज लाखाच्या घरात जाते. मग घरात दोनच वाटा दिसतात. कर्ज काढून महागडी घ्यायची, नाहीतर नवी पण हलकी घेऊन समाधान मानायचे. तिसरी वाट आहे ती वापरलेल्या अव्वल सायकलीची.

घसारा कोणी सोसायचा?

हिशेबात ‘घसारा’ म्हणून एक शब्द आहे. वस्तू दुकानाबाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत ती सर्वांत जास्त उतरते. तो घसारा पहिला मालक सोसतो. समजा, घरात ४०,००० रुपये साठले आहेत. एवढ्यात नवी सायकल येईल, पण प्राथमिक दर्जाची. ऐंशी हजारांची सायकल दोन-चार वर्षांनी ३०,००० रुपयांना मिळाली आणि १०,००० रुपये दुरुस्तीला राखून ठेवले, तर त्याच पैशात हलकी फ्रेम व उत्तम गियर मिळतात. हे राखीव पैसे विसरू नयेत. टायर, चेन, केबल, ब्रेकचे रबर यांतले काहीतरी बदलावेच लागते.

२०२० साली कोरोनाच्या काळात शहरांत सायकली धडाक्याने विकल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ आज पुण्या-नाशिकच्या गॅलऱ्यांत धूळ खात आहेत. हौस ओसरलेल्या माणसाची कमी चाललेली सायकल हीच आपल्या कामाची.

काय तपासावे?

माप : पहिली गोष्ट हीच. रोड सायकलीची फ्रेम उंचीप्रमाणे वेगवेगळ्या मापाची येते. माप चुकले तर सीट वरखाली करून भागत नाही. पाठ, मान आणि गुडघे धरतात. स्वस्त मिळाली म्हणून मोठ्या भावाच्या मापाची सायकल धाकट्या बहिणीला घेऊ नये.

फ्रेम : लोखंडी फ्रेमला गंज, अॅल्युमिनियमला जोडाजवळची बारीक चीर किंवा पोचा पाहावा. कार्बनच्या फ्रेमची गोष्ट अवघड. आत तडा असला तरी वरचा रंग चांगला दिसू शकतो. पडलेली, आपटलेली कार्बन सायकल जाणकार सोबत नसेल तर घेऊच नये. पुढचा चिमटा नीट पाहावा, तो तुटला तर जिवावर बेतते.

चेन : यासाठी साधी फूटपट्टी पुरते. चेनच्या २४ कड्यांची लांबी नेमकी १२ इंच भरली पाहिजे. इंचाचा सोळावा भाग वाढली असेल तर चेन बदलायची. आठवा भाग वाढली असेल तर बहुधा मागचे दातेही गेलेले असतात आणि खर्च वाढतो. तेवढी किंमत कमी करून मागावी.

क्रँक : पुष्कळ रोड सायकलींना जपानच्या शिमॅनो कंपनीचे गियर असतात. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस अशी त्यांची चढती श्रेणी आहे. यांपैकी २०१२ ते २०१९ या काळातल्या ११ गियरच्या काही अल्टेग्रा व ड्युरा-एस क्रँकचे चिकटवलेले भाग सुटू लागल्याने कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये तपासणी जाहीर केली. एकट्या उत्तर अमेरिकेत असे सुमारे ७,६०,००० नग होते. तेव्हा वरच्या दर्जाची जुनी सायकल घेताना क्रँकचा मॉडेल क्रमांक पाहून अधिकृत दुकानात खात्री करून घ्यावी.

चाके : फिरवून आउट आहे का ते पाहावे. रिमवर ब्रेक लागत असेल तर रिमची बाजू बोटाने चाचपावी. ती आत खोलगट झाली असेल तर रिम झिजली आहे. आणखी एक गोष्ट. या सायकलींच्या ट्यूबला बहुधा बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असतो, त्याला गावातल्या दुकानाचा पंप बसत नाही. छोटा अॅडॉप्टर, जादा ट्यूब आणि हातपंप जवळ ठेवावा. बाभळीचा काटा सायकलीची किंमत पाहून लागत नाही! आपल्या रस्त्यांना २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर बसत असतील तर तेच बरे.

कागद मागायला लाजू नका

महागडी सायकल अर्ध्या किमतीत मिळते तेव्हा ती विकणाऱ्याची स्वतःची आहे ना, हे पाहणे आपले काम. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. शिवाय स्पष्ट सांगायचे तर, वस्तीतल्या मुलाच्या हाती लाखाची सायकल दिसली की लोकांना आधी संशय येतो. ही गोष्ट कडू आहे, पण खरी आहे. म्हणून मूळ बिल घ्यावे. ते नसेल तर विकणाऱ्याच्या सहीचे, फ्रेमवरच्या क्रमांकासह विक्रीपत्र लिहून घ्यावे. हा क्रमांक बहुधा पायडलच्या धुऱ्याखाली कोरलेला असतो. पैसे बँकेतून द्यावेत. मुलाने त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. कोणी विचारले तर मान वर करून दाखवता येईल.

कर्ज मात्र नको

बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी उचल घेतली तर ते वर्षाला चोवीस टक्के होतात. सायकल कमावून देत नाही, म्हणून ती साठवलेल्या पैशातूनच घ्यावी. जवळपास जाणकार कोणीच नसेल, तर दुकानाची हमी असलेली साधी नवी सायकल बरी. फ्रेमची हमी बहुतेक कंपन्या पहिल्याच ग्राहकाला देतात, हेही ध्यानात असावे.

आणि मुलाची आवड किती टिकते ते आधी पाहावे. घरातल्या आहे त्या सायकलीवर त्याला तीन महिने पहाटे उठू द्या. २०० किलोमीटर अंतर १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करण्याचे जे ब्रेव्हे उपक्रम होतात, त्यांत महागड्या सायकलीची सक्ती नसते. तीन महिन्यांनीही तो उठत असेल, तर आईवडिलांनी खुशाल गाठीचे पैसे सोडावेत. नवीच पाहिजे हा हट्ट मुलांनी सोडावा आणि जुनी म्हणजे कमीपणा ही समजूत मोठ्यांनी सोडावी. सोबत फूटपट्टी घ्या, हेल्मेटचे पैसे वेगळे ठेवा आणि व्यवहार दिवसाउजेडी करा.