पेशींचा पहारा

घरांत रात्रीं चोर शिरला, तर शिपाई येईपर्यंत घरचीं माणसें स्वस्थ बसत नाहींत. आरडाओरड करून शेजाऱ्यांस जागें करितात. प्राण्यांच्या शरीराचा बचावही असाच सुरू होतो.

बुडापेस्टच्या आउजेस्की यांनीं इ. स. १९०२ मध्यें वर्णिलेला प्राणघातक रोग पाहा. त्याचा विषाणु हर्पीस कुळांतला. गुरें व कुत्रीं त्यानें मरतात, पण त्याचें मूळ बिऱ्हाड डुकरांत.

पेशीच्या केंद्रकाबाहेर मोकळा डी.एन.ए. आढळणें, ही चोराची खूण. 'सी-गॅस' नांवाचें प्रथिन ती ओळखतें. हा पहारेकरी डॅलस येथील झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेंत २०१३ च्या सुमारास उजेडांत आला. त्याच्या इशाऱ्यानें पेशी इंटरफेरॉन सोडते. हें द्रव्य लंडनमध्यें आयझॅक्स व लिंडेनमन यांनीं १९५७ सालीं शोधिलें. तें पोहोंचतांच शेजारच्या पेशी विषाणूची पैदास रोखण्याची तयारी करितात. नेमकीं प्रतिद्रव्यें तयार होण्यास कित्येक दिवस लागतात. तेवढा अवधि ही पहिली फळी मिळवून देते.

परंतु शत्रूही कावेबाज! त्याचीं कांहीं प्रथिनें हा इशाराच दाबून टाकतात. प्रौढ डुकरें बहुधा वांचतात, तरी विषाणु त्यांच्या मज्जातंतूंच्या गांठींत जन्मभर दडून राहतो. नुकतीं जन्मलेलीं पिलें मात्र बहुतेक सर्व दगावतात; त्यांची फळी अद्याप कच्चीच असते. मग त्यांस तारतो कोण? लस टोंचलेल्या आईचा चीक! तिनें मिळविलेलीं प्रतिद्रव्यें त्यांतून पिलाच्या पोटीं जातात. पहारेकरी लहान आहे तोंवर आईनेंच जागावें, हा निसर्गाचा नियम आपल्या घरांहून निराळा नाहीं.