प्रवाळांचा चुना आणि त्याची भरपाई

शाळेंतील रसायनाच्या तासाला चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घालण्याचा प्रयोग बहुतेक श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. उच्छ्वासांतील कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, निवळींत शिरतांच ती दुधासारखी पांढरी होते. परंतु फुंकर तशीच चालू ठेवली, तर कांहीं वेळानें ती पुनः स्वच्छ होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतून निसटलेली असते. प्रथम चुनखडीचा सांका बनतो. पुढें अधिक वायूमुळें पाण्यास आम्लता येते व तोच सांका विरघळून जातो. प्रयोगाच्या या उत्तरार्धावरच कॅल्शियम रिॲक्टर हें यंत्र उभें आहे.

या यंत्राची गरज प्रवाळांच्या टांकीस लागते. प्रवाळाचा इवलासा जीव समुद्राच्या पाण्यांतून कॅल्शियम व बायकार्बोनेट उचलून आपला दगडी सांगाडा रचीत असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, व त्याची अल्कता सुमारें ७ जर्मन अंश भरते. अथांग सागरास हा खर्च जाणवत नाहीं. कांचेच्या टांकींत मात्र तो रोजच्या रोज दिसतो. अल्कता उतरत गेली कीं प्रवाळांची वाढ खुंटते. आणि ती एकाएकीं वरखालीं होऊं लागली कीं फांद्यांवरील सजीव आवरण सुटूं लागतें व मागें उघडा पांढरा सांगाडा उरतो. वर्षानुवर्षें जोपासलेली वसाहत अशा रीतीनें थोड्या दिवसांत हातची जाते. म्हणून प्रश्न केवळ भरपाईचा नाहीं, तर एकसारख्या भरपाईचा आहे.

जर्मनींतील ड्युसेलडॉर्फच्या मत्स्यालयांत रोल्फ हेबिंगहाउस यांनीं हें यंत्र विकसित केलें. त्याची रचना सोपी आहे. एका बंद नळकांड्यांत मृत प्रवाळांचे धुतलेले खडे भरतात. टांकींतील पाणी त्यांत येतें व एक लहानसा पंप तें खड्यांमधून सतत फिरवीत राहतो. सिलिंडरांतून दाब-नियंत्रक व बुडबुडे मोजण्याची कुपी यांच्या मार्गें कर्बाम्ल वायु आंत सोडला जातो. आंतील पाण्याचा पीएच् ६.५ ते ६.८ च्या दरम्यान आला कीं खडे विरघळूं लागतात, आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट यांनीं संपन्न झालेलें पाणी टांकींत परत जातें. प्रवाळ ज्या प्रमाणांत हे दोन पदार्थ उचलतात, त्याच प्रमाणांत ते परत मिळतात, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. मात्र टांकीचा समतोल आधींच ढळलेला असेल, तर तो प्रथम स्वतंत्रपणें सुधारून घ्यावा लागतो. तें काम या यंत्राचें नव्हे.

खरी अडचण येते ती पाण्याच्या प्रवाहाची. पूर्वी बाहेर जाणारी धार बारीक झडपेनें आवळून थेंबाथेंबानें सोडीत. पण त्या बारीक भोकांत चुन्याचा गाळ व वायूचे बुडबुडे अडकत. आज मोजून ठेवलेले थेंब उद्यां निम्मे होत. प्रवाह मंदावला कीं आंतील पाणी अधिक आम्ल होतें, आणि सारा हिशेब चुकतो.

पेरिस्टाल्टिक पंप ही अडचण दूर करतो. आंतडीं आकुंचन पावून अन्न पुढें सरकवितात, त्याच तत्त्वावर हा पंप चालतो. फिरणारे रूळ एका लवचीक नळीस दाबीत जातात व दोन रुळांमध्यें सांपडलेलें पाणी पुढें ढकलतात. पाण्याचा स्पर्श फक्त नळीस होतो. जितके फेरे, तितकें पाणी. आणि वीज गेली तरी एक रूळ नळी दाबून राहत असल्यामुळें पाणी उलट वाहत नाहीं. हा पंप यंत्राच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर, पाणी ओढून घेईल अशा बेतानें बसविणें सोयीचें असतें. तसें केल्यानें यंत्रांत दाब सांचत नाहीं. पंप अहोरात्र चालण्याच्या योग्यतेचा असावा, व झिजलेली नळी फाटण्यापूर्वींच बदलावी.

प्रवाह किती ठेवावा, हें साध्या गणितानें निघतें. समजा, ५०० लिटरच्या टांकीची अल्कता रोज १ अंशानें उतरते. यंत्रांतून येणाऱ्या पाण्याची अल्कता २५ अंश व टांकीची ८ अंश आहे. म्हणजे प्रत्येक लिटरमागें १७ अंशांचा लाभ. ५०० ला १७ नीं भागलें असतां दिवसास सुमारें २९ लिटर, अर्थात् मिनिटास सुमारें २० मिलिलिटर एवढा प्रवाह येतो. कॅल्शियमचा हिशेब वेगळा करावा लागत नाहीं. अल्कतेच्या एका अंशामागें लिटरास सुमारें ७ मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होतें व तितकेंच परत येतें.

आरंभीं प्रथम पाण्याचा प्रवाह स्थिर करावा, मग वायु अगदीं थोडा सोडावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व पुढील बदलापूर्वीं एक दिवस थांबावें. टांकीची अल्कता रोज ठराविक वेळीं मोजावी. घाईनें वायु वाढविल्यास खड्यांचा चिखल होतो आणि टांकीचा पीएच् खालीं येतो. पीएच्-मापकाला जोडलेली विजेची झडप वायु वेळींच बंद करते, हें खरें. परंतु अशी झडप उघडीच अडकून बसल्याचे प्रसंग येतात. यासाठीं बुडबुड्यांचा वेग मुळांतच गरजेपेक्षां फारसा अधिक नसावा. सिलिंडर उभा, पक्का बांधलेला व हवेशीर जागीं असावा, कारण कोंदट खोलींत हा वायु माणसासही घातक ठरतो.

भारतांत मात्र खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें आहे. त्यामुळें समुद्रांतून तीं काढून घरच्या टांकींत ठेवण्याची मुभा येथें नाहीं. तरीही यंत्राचें तत्त्व समजून घेण्याजोगें आहे. पाण्यांत वाढलेला कर्बाम्ल वायु चुनखडी विरघळवितो, ही गोष्ट नळकांड्यांत उपकारक ठरते. सागराच्या पाण्यांत तोच वायु वाढूं लागला, तर जिवंत प्रवाळांना सांगाडा रचणेंच कठीण होत जातें.