ती विचारत नाही, तेव्हाच सांगायला हवं

ऑगस्ट २०२४मध्ये मध्य प्रदेश सरकारने सातवी ते बारावीच्या सुमारे १९ लाख विद्यार्थिनींना सॅनिटरी पॅडसाठी प्रत्येकी ३०० रुपये दिले. योजना चांगलीच आहे, पण सातवीपर्यंत थांबायला शरीर तयार नसतं. मुलगी वयात येऊ लागते ती साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान, आणि सुरुवात पाळीने होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी किस्पेप्टिन नावाचं रसायन सोडू लागतात. त्यातून निघालेले संकेत आधी रात्रीच्या झोपेत, ठरावीक अंतराने पिट्यूटरी ग्रंथीपर्यंत जातात, तिथून बीजकोशांपर्यंत, आणि इस्ट्रोजेन तयार होऊ लागतं. बाहेर दिसणारी पहिली खूण बहुधा छातीची असते. स्तनाग्राखाली दुखरी, घट्ट गाठ लागते, बऱ्याचदा आधी एकाच बाजूला. मग उंची भराभर वाढते, केस येतात, पांढरा स्राव सुरू होतो आणि पहिल्या खुणेनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे जबलपूरच्या एखाद्या शाळेत चौथी-पाचवीत बसलेल्या मुलीच्या शरीरात हे सगळं केव्हाच सुरू झालेलं असू शकतं. एका बाजूची ती गाठ म्हणजे काहीतरी भयंकर आजार, असं तिला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं?

भारतातल्या किशोरींविषयीच्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९७ हजार मुलींची माहिती होती, आणि पहिली पाळी येण्याआधी पाळीबद्दल ठाऊक असलेल्या मुली निम्म्याहूनही कमी निघाल्या. पॅड मात्र झपाट्याने पोचताहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात पाळीच्या दिवसांत स्वच्छ साधनं वापरणाऱ्या १५ ते २४ वयोगटातल्या स्त्रिया २०१५-१६मध्ये सुमारे ३८ टक्के होत्या, त्या २०१९-२१मध्ये सुमारे ६१ टक्क्यांवर गेल्या. देशाच्या सरासरीहून हा आकडा अजून बराच कमी आहे, तरी वेग लक्षणीय आहे. पण वस्तू पोचली म्हणून समज पोचली असं होत नाही. डायन रूबल आणि जीन ब्रूक्स-गन यांनी १९८२मध्ये अमेरिकी मुलींच्या अभ्यासातून दाखवलं होतं, की ज्यांना पाळी लवकर आली किंवा आधी काही सांगितलेलं नव्हतं, त्यांना पहिला अनुभव अधिक त्रासदायक वाटला.

लाजऱ्या मुलीच्या बाबतीत नेमकी इथेच गफलत होते. ‘ती काही विचारत नाही, म्हणजे तिला अजून गरज नाही’ असा हिशोब घरातली मोठी माणसं मांडतात. प्रश्न विचारणं हा स्वभावाचा भाग आहे, गरजेचं माप नव्हे. बोलकी मुलगी अर्धवट ऐकलेलं मैत्रिणीकडून, मावशीकडून पुरं करून घेते. लाजरी ते मनात ठेवते आणि स्वतःच उत्तर रचते. आई पाळीच्या दिवसांत देवघरात जात नाही, हे तिने पाहिलेलं असतंच, त्यावरून तिने काय अर्थ लावला असेल कोण जाणे! म्हणून तिच्यासाठी वेळापत्रक तिच्या प्रश्नांवरून नव्हे, तिच्या शरीरावरून ठरवावं लागतं. आठव्या-नवव्या वर्षी छातीबद्दल आणि केसांबद्दल, गाठ लागली की लगेच पाळीबद्दल.

यावर एक आक्षेप वाजवी आहे: लाजऱ्या मुलीला समोर बसवून हे सांगितलं तर ती आणखी मिटेल. खरंच मिटेल, पण दोष समोर बसवण्याचा आहे. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना, नजरेला नजर न देता दोन वाक्यं सांगावीत आणि उत्तराची वाट न पाहता विषय सोडावा. आठवड्याने पुन्हा दोन. ‘मेन्स्ट्रुपीडिया’सारखं चित्रमय पुस्तक मराठीतही मिळतं. ते तिच्या कपाटात ठेवावं आणि ‘वाचलंस का?’ हे विचारू नये. आणि तिने कधी काही सांगितलंच, तर ते संध्याकाळी नागपूरच्या आत्याला फोनवर कळता कामा नये. हा एक नियम मोडला की बाकीची मेहनत वाया.

दुसरा आक्षेप जुना आहे: एवढ्यात सांगून बालपण हिरावायचं, नको ते डोक्यात भरायचं. याच भीतीपोटी २००७च्या सुमारास मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला विरोध केला होता. युनेस्कोने २०१८च्या मार्गदर्शिकेसाठी जगभरचे अभ्यास तपासले, तेव्हा अशा शिक्षणाने लैंगिक व्यवहार वाढत असल्याचं आढळलं नाही. शाळा सांगेल, हा युक्तिवादही अपुरा आहे. एनसीईआरटीने पूर्वी आठवीत असलेला किशोरावस्थेचा धडा २०२५च्या नव्या पुस्तकात सातवीत आणला, हे योग्यच झालं. तरी जबलपूरच्या केंद्रीय विद्यालयातली मुलगी तो वाचेल तेव्हा बारा वर्षांची असेल, आणि तिच्या वर्गातल्या काहींची पाळी तोवर सुरू झालेली असेल. शिवाय भरल्या वर्गात हात वर करून शंका विचारणं लाजरीला जमणार कसं?

पालकांनी स्वतः लक्षात ठेवायच्या मर्यादा मोजक्या आहेत. आठव्या वर्षाआधी छातीत बदल दिसला, तेराव्यापर्यंत काहीच बदल दिसला नाही, किंवा पंधराव्यापर्यंत पाळी आली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असणं सहसा स्वाभाविक असतं, कारण दर महिन्याला बीज सुटण्याची घडी बसायला तेवढा काळ लागतो. पण तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा रक्तस्राव आठवडा उलटूनही थांबत नसेल, तर लाजरी मुलगी तेही आपणहून सांगणार नाही, हे धरून चालावं आणि तिला आधीच आकड्यात सांगून ठेवावं.