सुकेतोदारा : एका किरकोळ खलपात्राचे भाषांतर

भाषांतराची कसोटी किरकोळ पात्रापाशी लागते, असे माझे मत आहे. नायकाची काळजी सगळेच घेतात. दोन मिनिटे येऊन जाणाऱ्याचे काय होते, ते पाहावे. त्यासाठी मी उदाहरण घेतो ते एका व्हिडिओ गेममधल्या माशाचे.

‘पुयो पुयो’ हा जपानी कोडेखेळ कंपाइल कंपनीने १९९१ मध्ये काढला. १९९२ मध्ये सेगाने आणलेल्या त्याच्या आर्केड आवृत्तीने तो लोकप्रिय झाला. सहा रकाने आणि बारा ओळींच्या चौकटीत रंगीत लिबलिबीत गोळे जोडीजोडीने पडतात. एका रंगाचे चार गोळे चिकटले की नाहीसे होतात. एकामागून एक असे गट फुटत गेले, की प्रतिस्पर्ध्याच्या चौकटीत अडगळीचे गोळे कोसळतात. प्रत्येक फेरीला प्रतिस्पर्धी नवा. सामन्याआधी आर्ले ही नायिका आणि तो यांच्यात छोटी विनोदी जुगलबंदी होते. आपल्या तमाशातली बतावणीच म्हणा ना.

सुरुवातीच्या अशाच एका फेरीत सुकेतोदारा भेटतो. हातपाय फुटलेला, स्वतःच्या नाचावर खूश असलेला मासा. त्याचे नाव म्हणजे जपानी माणसाच्या रोजच्या जेवणातल्या माशाचे नाव. त्याच माशाच्या गाबोळीपासून तिखट मेंताइको करतात. आमच्या पेठ वडगावच्या बाजारात सुक्या बोंबलाचा वाटा घेणाऱ्याला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही. खलनायक म्हणून ऐटीत पुढे आला आणि नाव सांगितले ‘बोंबील’!

१९९३ मध्ये हा खेळ अमेरिकेत गेला तो ‘डॉक्टर रोबोटनिक्स मीन बीन मशीन’ या नावाने. नियम तेच राहिले. पात्रे मात्र सगळी बदलली आणि त्यांच्या जागी सॉनिकच्या कार्टून मालिकेतले यंत्रमानव बसले. आर्लेही गेली. त्यामुळे सामन्याआधी यंत्रमानव एकटाच बढाई मारतो, उलट उत्तर द्यायला समोर कोणी नाही. बतावणी एकतर्फी झाली.

मराठी वाचकाला रूपांतर नवे नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. देवलांच्या ‘झुंझारराव’मध्ये ऑथेल्लो झुंझारराव झाला, डेस्डिमोना कमळजा झाली. नावे बदलली, पेहराव बदलला. पण माणसामाणसांतले नाते टिकले, म्हणून नाटक उभे राहिले. अमेरिकन खेळात नेमके हे नातेच सुटले. गोळे फोडण्याच्या गणिताला माशाची गरज नव्हती, म्हणून तो सर्वांत सहज काढता आला. गणिताला नको असलेली गोष्टच खेळाची बोली होती.

पुढे २०१७ मध्ये ‘पुयो पुयो टेट्रिस’ इंग्रजीत आला. त्यात हा मासा आपल्या जपानी नावानिशी हजर आहे. इंग्रजी खेळाडूला त्या नावातला स्वयंपाकघराचा वास येत नाही, हे खरे. तरी एक अनोळखी नाव समोर राहते, आणि कुतूहल असेल तो अर्थ विचारू शकतो. पुसून टाकलेल्या नावाबद्दल विचारणार कोण?

मला स्वतःला देवलांची वाट अधिक आवडते. मी मराठी करायला बसलो, तर त्याला बोंबीलराव म्हणेन, आणि आर्लेचे उत्तर आधी लिहीन.