तेरा शर्यती जिंकून पाचवा

१९७८-७९ च्या हिवाळ्यात स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कने स्कीइंगच्या विश्वचषकात १३ शर्यती जिंकल्या. त्या मोसमात जायंट स्लॅलमच्या १० शर्यती झाल्या, त्या दहाही त्याच्याच. चेकोस्लोव्हाकियातल्या यास्ना इथे दुसरा आलेला बोयान क्रिझाय त्याच्या ४ सेकंदांहून जास्त मागे होता, आणि या खेळात एरवी निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. तरीही मोसम संपला तेव्हा एकूण क्रमवारीत स्टेनमार्क पाचवा होता!

हा विश्वचषक म्हणजे एकच स्पर्धा नव्हे. हिवाळाभर गावोगावच्या डोंगरांवर शर्यती होतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज होते. स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत उतरायचं असतं. डाउनहिलमध्ये मात्र निव्वळ वेग आणि छाती लागते. स्टेनमार्क डाउनहिलच्या वाटेला जात नसे. तरी १९७६ ते १९७८ अशी सलग तीन वर्षं एकूण विजेतेपद त्यानेच नेलं. मग नियम बदलला. प्रत्येक प्रकारातले फक्त सर्वोत्तम तीन निकाल धरायचे ठरलं. पहिल्या क्रमांकाला २५ गुण, म्हणजे दोन प्रकारांत मिळून जास्तीत जास्त १५०. स्टेनमार्कने ते सगळे मिळवले. त्यापुढे जिंकलेल्या सात शर्यतींना शून्य किंमत. सर्व प्रकारांत उतरणारा स्विस पीटर ल्यूशर विजेता ठरला.

नॉर्वेच्या सीमेजवळचं टार्नाबी हे स्टेनमार्कचं गाव. वस्ती जेमतेम पाचशेच्या आसपास. पण पुढे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी आन्या पॅरसनही तिथलीच. स्टेनमार्क कमालीचा अबोल. पत्रकारांना त्याच्याकडून दोन वाक्यं काढणं मुश्किल, पण तो उतरायचा तेव्हा अख्खा स्वीडन टीव्हीपुढे असायचा. घाई न करता, अंग शांत ठेवून वळण घ्यायचं ही त्याची रीत. पहिल्या फेरीत मागे राहून दुसरीत सगळ्यांना गाठण्याची त्याला सवयच होती म्हणा ना.

नव्या नियमामुळे त्याने डाउनहिलचा सराव सुरू केला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये इटलीत तो भयंकर आपटला. डोक्याला जबर मार बसला. पाचच महिन्यांनी लेक प्लॅसिडच्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्या फेरीनंतर तो जायंट स्लॅलममध्ये तिसरा होता, स्लॅलममध्ये चौथा. दोन्ही सुवर्णं त्याचीच! १९८१ मध्ये गुणांसाठी किट्झब्यूलच्या जीवघेण्या डाउनहिल उतारावरही तो गेला आणि विजेत्याहून सुमारे १० सेकंद मागे राहिला. त्या वर्षी एकूण विजेतेपद अमेरिकेच्या फिल मेरने अवघ्या ६ गुणांनी नेलं. पुढे व्यावसायिक परवाना घेतल्यामुळे १९८४ च्या ऑलिम्पिकचं दारही त्याला बंद झालं.

१९८९ मध्ये तो थांबला तेव्हा विजय ८६ होते, ४६ जायंट स्लॅलममधले आणि ४० स्लॅलममधले. हा विक्रम ३४ वर्षं टिकला. मार्च २०२३ मध्ये मिकाएला शिफ्रिनने तो मोडला, तोही स्वीडनमधल्याच ओरे इथे. पुढे तिने शंभरीही गाठली.

सर्वांगीण खेळाडूला मान मिळावा हा नियमामागचा विचार चुकीचा नव्हता, आणि १९७९ चा चषक नियमाप्रमाणे ल्यूशरचाच आहे. पण जो नियम तेरा वेळा पहिल्या आलेल्याला पाचवा ठरवतो, तो नियम बेतणाऱ्यांचं गणित कच्चं होतं, असंच मी म्हणेन.