ब्रेकमधील हवा

पद्मिनी ही जुन्या काळातील प्रसिद्ध मोटार. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईत अनेक वर्षे धावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. तरी काही हौशी लोकांनी आपली पद्मिनी अजून जपून ठेवली आहे. जुनी गाडी नुसती चालून भागत नाही. ती वेळेवर थांबलीही पाहिजे. घनसावंगीसारख्या गावी बाजाराच्या दिवशी रस्त्यावर माणसांची किती गर्दी असते! तेथे ब्रेक लागला नाही तर?

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे जणू एक लोखंडी पातेले. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेक शू असतात. शूवर लायनर बसवलेले असते. चालकाने पेडल दाबले, की ब्रेक ऑईल नळीतून चाकांकडे ढकलले जाते. तेथील लहान सिलिंडर दोन्ही शू बाहेर लोटतो. लायनर ड्रमला घासते आणि चाक थांबते.

मुलांनो, एक सोपा प्रयोग करा. सुई नसलेल्या नव्या सिरिंजमध्ये पाणी भरा. तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा भरा. दट्ट्या आत जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. तेलाचेही तसेच आहे. नळीत हवा शिरली, तर पायाचा जोर हवा दाबण्यातच वाया जातो. पेडल मऊ लागते आणि गाडी थांबत नाही.

दुरुस्तीसाठी मिस्त्री चाकांना दगड लावतो, जॅकने गाडी उचलतो आणि खाली भक्कम स्टँड ठेवतो. मग चाक व ड्रम काढतो. आतील धूळ तो फुंकत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक असते. झिजलेले लायनर आणि सिलिंडरमधील खराब रबर तो बदलतो.

शेवटी हवा काढायची. हे काम दोघांचे आहे. शिकाऊ मुलगा गाडीत बसून पेडल दाबून धरतो. मिस्त्री चाकामागील निपल पान्याने सैल करतो. निपलची नळी तेलाच्या बाटलीत बुडवलेली असते. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल बंद झाल्यावर मिस्त्री सांगतो, ‘‘सोड!’’ त्याआधी पाय उचलला, तर हवा पुन्हा आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असेच करतात. सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. वरच्या डबीतील तेल मध्येच संपू देत नाहीत.

पेडल कडक लागले, तरी मिस्त्री लगेच गर्दीत जात नाही. मोकळ्या जागी गाडी हळू चालवून तो ब्रेक तपासतो. रस्त्यावरच्या माणसाला त्याचे नावही ठाऊक नसते; पण त्याचा जीव मिस्त्रीच्या चोख कामामुळे सुरक्षित राहतो.