रक्ताची गुठळी : जखमेवर उपकारी, रक्तवाहिनीत घातकी



फडात कोयता बोटाला लागला, तर चिंधी दाबून धरली की पाच-दहा मिनिटांत रक्त थांबते. ते थांबवते रक्ताची गुठळी. मात्र हीच गुठळी नको त्या जागी धरली तर जीव घेते. ते कसे, हे सर्वांनी समजून घ्यावे.

रक्तात बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, नावाचे बारीक कण असतात. एक घन मिलिमीटर रक्तात ते साधारण दीड ते साडेचार लाख भरतात. जखम होताच हे कण तेथे चिकटून थर धरतात. मग रक्तातल्या एका प्रथिनाचे तंतू बनून जाळे विणले जाते. त्यात रक्तपेशी अडकल्या की गुठळी घट्ट होते. जखम भरली की शरीर ती हळूहळू विरघळवते.

मग जखम नसताना गुठळी का होते? एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने आजही तीन कारणे सांगतात. आपल्या पाटाचेच बघा. काठ खरवडला की तेथे पाला अडकतो, पाणी संथ झाले की गाळ बसतो, आणि पाण्यातच गाळ जास्त असला तर पाट लवकर तुंबतो. रक्तवाहिनीचेही तसेच. आतला पापुद्रा बिघडणे, रक्त संथ होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे, ही ती तीन कारणे. तंबाखू-विडी, रक्तदाब व मधुमेह यांनी पापुद्रा बिघडतो. ऑपरेशननंतर फार दिवस पडून राहिल्यास पायातले रक्त संथ होते.

गुठळी हृदयाच्या रोहिणीत अडकली तर झटका येतो, मेंदूत अडकली तर पक्षाघात होतो. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर एकाएकी दम लागतो.

सभासदांनी लक्षात ठेवावे :

१) छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला, तर "पित्त असेल, ट्रॉली भरली की बघू" असे म्हणू नये. १०८ क्रमांकावर फोन करून लगेच दवाखाना गाठावा.

२) तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्याच दवाखान्यात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. पण मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे आधी पाहावे लागते. रोग्याच्या तोंडात पाणी, औषध काही घालू नये.

३) एकच पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी.

४) रक्त पातळ ठेवण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

तोड दोन दिवस पुढे गेली तर नुकसान थोडे होईल, ते भरून काढता येते. ऊस तोडला तरी खोडवा फुटतो. हृदयाच्या मेलेल्या स्नायूला मात्र पुन्हा फुटवा येत नाही.

— ऊस विकास अधिकारी